१२३४५६७८९८७६५४३२१ : चढायला नऊ पायऱ्या, उतरायला आठ

पाटीपेन्सिल (शनिवार, रात्री ९:४०)

सोसायटीच्या गणपतीत मुलांची प्रश्नमंजुषा घ्यायचं काम यंदा माझ्या गळ्यात आलं. आकडेमोडीच्या फेरीसाठी मला लहानपणापासून आवडणारी संख्या काढली: १२३४५६७८९८७६५४३२१. प्रश्न असा, की हिचं वर्गमूळ पाच सेकंदांत सांगा. उत्तर १११११११११, म्हणजे नऊ वेळा एक. मुलांना गंमत वाटेल, टाळ्या पडतील, आपण मिरवू, असा साधा बेत होता.

प्रश्न स्प्रेडशीटमध्ये टाइप केले, चाळीस प्रती छापल्या, वाटल्या. दोन मिनिटांत सातवीतली एक मुलगी कागद घेऊन स्टेजजवळ आली. "काका, याचं वर्गमूळ निघणारच नाही." मी जरा मोठेपणानं हसलो आणि म्हटलं, प्रयत्न तर कर. ती म्हणाली, "शेवटी दोन शून्यं आहेत. ती काढली की उरलेली संख्या ३ वर संपते. वर्ग कधी ३ वर संपतो का?"

कागद हातात घेऊन पाहिलं. छापलं होतं १२३४५६७८९८७६५४३००. शेवटचे २१ गायब आणि तिथे दोन शून्यं. मुलीचं म्हणणं अक्षरशः बरोबर. कोणत्याही संख्येचा वर्ग २, ३, ७ किंवा ८ वर संपत नाही. माइकवरून प्रश्न रद्द करावा लागला. मागच्या रांगेतल्या आजोबांनी "बाप्पा मोरया" म्हणून वेळ मारून नेली.

घरी येऊन आधी स्वतःची खात्री करून घेतली, की संख्या मला बरोबर आठवत होती. चार एकांवर करून बघितलं:

. . . १ १ १ १
. . १ १ १ १
. १ १ १ १
१ १ १ १
———————
१ २ ३ ४ ३ २ १

उभ्या रांगांतले एक मोजायचे, बस्स. पहिल्या रांगेत एक, पुढे दोन, तीन, चार, मग उतरण. नऊ एक घेतले तर मधल्या रांगेत नऊ येतात आणि कुठेच हातचा येत नाही. सगळा खेळ त्या न येणाऱ्या हातच्याचा आहे. दहा एक घेतले तर मधल्या रांगेत दहा होतात, शून्य लिहून हातचा एक. डावीकडच्या रांगेतले नऊ त्या हातच्यानं दहा होतात, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्याच्या डावीकडच्या आठाचे नऊ होतात आणि तिथे ओघ थांबतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डोंगराच्या माथ्यावर खड्डा.

आता दोन गोष्टी विचारायच्यात. एक, माझे २१ कुणी खाल्ले? दोन, या संख्येत याखेरीज काही आहे का? उद्या संध्याकाळी फेरी पुन्हा घ्यायची आहे, या वेळी तयारीनं जावं म्हणतो.

कट्टेकरी (शनिवार, रात्री ९:५२)

त्या मुलीला पहिलं बक्षीस देऊन टाका. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

बिटबाइट (शनिवार, रात्री १०:१५)

२१ कुणी खाल्ले ते सांगतो. रोजचा धंदा आहे.

संगणकात साधारण संख्या ६४ बिटांत ठेवतात. त्यातले काही बिट चिन्हाला आणि घातांकाला जातात, प्रत्यक्ष आकड्यांना ५२ उरतात, आणि पुढचा एक न लिहिताच धरला जातो, असे ५३. त्यामुळे २ चा ५३ वा घात, म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२, इथपर्यंत प्रत्येक पूर्णांक नेमका मावतो. त्याच्या पुढे २ च्या ५४ व्या घातापर्यंत फक्त सम संख्यांना जागा असते, विषम संख्येला खुर्चीच नाही. तुमची संख्या या हद्दीच्या पुढची, शिवाय विषम. ती …३२० आणि …३२२ यांच्या बरोबर मध्ये उभी राहते. अशा वेळी नियम असा, की ज्याचा शेवटचा बिट शून्य तिकडे जायचं. म्हणून ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ही संख्या टाकली तर १२३४५६७८९८७६५४३२० येते. शेवटचा एक गेला.

स्प्रेडशीट याहून कंजूष. ते पंधरा आकडे धरतं, पुढे शून्यं भरतं. तुमची संख्या सतरा आकडी, तेव्हा शेवटचे दोन कापले गेले. गंमत म्हणजे आठ एकांचा वर्ग, १२३४५६७८७६५४३२१, बरोब्बर पंधरा आकडी आहे. तो तसाच्या तसा छापला गेला असता आणि हा धागा निघालाच नसता.

उपाय: आकड्याआधी एकेरी अवतरणचिन्ह टाका. मग तो मजकूर समजला जातो आणि शेपूट शाबूत राहतं. पायथनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादा नाही, तिथे सतराच्या सतरा आकडे नीट येतात. आमचा एक जुना कॅशियर म्हणायचा, मशीनला विचार पण बेरीज हातानं कर.

डोंबोलीकर (शनिवार, रात्री १०:३१)

अहो, ही आमच्या गावची संख्या आहे!

देवळालीचे कापरेकर मास्तर (द. रा. कापरेकर, जन्म १९०५ डहाणूचा, ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'साठी प्रसिद्ध) या चढउताराच्या वर्गांना 'डेम्लो संख्या' म्हणायचे. १, १२१, १२३२१, १२३४३२१… पासून तुमच्या सतरा आकडीपर्यंत. 'अद्भुत डेम्लो' म्हणत यांना, कारण डेम्लोचं कुटुंब याहून मोठं आहे. नाव कुठून आलं? जीआयपी (आताच्या मध्य) रेल्वेच्या डेम्लो स्टेशनवरून, जिथे त्यांना ही कल्पना सुचली. मुंबईपासून तीस मैल, आताचं नाव डोंबिवली, अशी नोंद आहे. रेल्वेचं अंतर ४८ किलोमीटर, भागिले १.६, तीस मैल. हिशेब जुळला.

गर्दीच्या लोकलमध्ये मला आजवर चढायचं कसं आणि उतरायचं कसं, एवढंच सुचलंय. म्हणजे विषय तोच म्हणायचा.

कट्टेकरी (शनिवार, रात्री १०:३३)

डोंबोलीकर, फुटलो 😀

शंकेखोर (शनिवार, रात्री ११:०२)

रसभंग करतो, माफी असावी.

'संख्येचे गुणधर्म' म्हणून आपण जे काही कौतुकानं सांगतोय ते संख्येचे नाहीतच. ते आपल्या लिहिण्याच्या पद्धतीचे आहेत. आपल्याला दहा बोटं, म्हणून दशमान. आठ बोटं असती तर सात एकांच्या वर्गावर डोंगर संपला असता: १२३४५६७६५४३२१, तेही अष्टमान पद्धतीत. द्विमानात (फक्त ० आणि १ वापरून) तर दुसऱ्याच पायरीला पाय घसरतो, ११ गुणिले ११ म्हणजे १००१. तीन त्रिक नऊ, बाकी काही नाही.

उलटसुलट वाचता येणं, आकड्यांची बेरीज, चढउतार, हे सगळे कपडे. कपडे बदलले की माणूस बदलत नाही. इंग्लिश गणिती हार्डीनं १९४० मध्येच लिहून ठेवलं होतं, की ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार आकडी संख्या आपल्याच उलट्या संख्येच्या पटीत असतात (२१७८ ची चौपट, १०८९ ची नऊपट), पण गणित्यानं हरखून जावं असं त्यात काही नाही. रविवारच्या पुरवणीतल्या कोड्याला ठीक आहे.

संख्येचा खरा गुण म्हणजे तिचे अवयव. ते सांगा, मग बोलू.

खान्देशी_ठसका (शनिवार, रात्री ११:२०)

हार्डीच्या आधी हजारेक वर्षं महावीराचार्य होऊन गेले. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातले, साधारण ८५०. त्यांच्या 'गणितसारसंग्रहा'त १२३४५६५४३२१ ही संख्या आहे. आकडे न मोजता तिचं वर्णनच केलंय: एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमानं उतरणारी. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणलं की ती येते. असे गुणाकार गळ्यातल्या माळेसारखे, दोन्हीकडून सारखे, म्हणून मांडलेत. आता २७९९४६८१ म्हणजे ५२९१ चा वर्ग, ४४१ म्हणजे २१ चा. आणि ५२९१ × २१ = ११११११. बुवाला सहा एकांचा वर्ग पक्का ठाऊक असणार, दोन तुकड्यांत फोडून लपवलाय.

आणि आता आमच्या गावाकडचं. 'लीलावती'त (११५०) भास्कराचार्यांनी स्थानांची अठरा नावं दिली आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. पाटीपेन्सिल यांची संख्या सतरा आकडी, म्हणजे परार्धाला एक स्थान कमी. त्या नावांनी वाचायची तर अशी: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. मोठ्यानं म्हणून बघा. श्वास पुरत नाही, पण कान तृप्त होतात. लाख-कोटीत कोंबायला गेलं की 'कोटी कोटी' करावं लागतं आणि सगळी मजा जाते.

चाळीसगावजवळ पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे, १२०७ सालचा. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा. कुणी पितळखोऱ्याला जाणार असेल तर वाट वाकडी करून जा.

पाटीपेन्सिल (शनिवार, रात्री ११:२८)

बिटबाइट, मनापासून आभार. अवतरणचिन्ह टाकून बघितलं, शेपूट परत आलं.

खान्देशी, हे उद्या माइकवरून म्हणणार. पाठ करतोय. 'महापद्म' आणि 'निखर्व' यांची अदलाबदल होतेय.

मास्तरीणबाई (रविवार, सकाळी ६:५०)

शंकेखोर, तुमचं अर्धं पटलं. तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, 'हे फक्त दशमानात' हे वाक्य मीही फळ्यावर लिहायचे. पण कपड्यांवरून माणसाच्या घरापर्यंत जाता येतं की नाही ते बघू. अवयव मागितलेत ना? चहा होईपर्यंत निघतात, संगणक नको.

नऊ एक तीनतीनचे गट करून लिहा: १११ १११ १११. म्हणजे १११ × १००१००१. हे आपल्याला दिसलं ते कपड्यांमुळेच, बरं का. आता १११ = ३ × ३७. आणि १००१००१ ची अंकबेरीज ३, म्हणून तीनानं भाग जातो: ३ × ३३३६६७. झालं:

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

राहिला प्रश्न ३३३६६७ चा. ही मूळ संख्या आहे का? हिचं वर्गमूळ ५७७ च्या किंचित पुढे. सरळ रस्त्यानं गेलं तर ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायला हवं, शंभराहून जास्त भागाकार. पण आपली संख्या एकांची आहे, हे इथे कामी येतं.

समजा ३३३६६७ ला कोणी मूळ संख्या प भागते. तर ती नऊ नऊंच्या संख्येलाही, ९९९९९९९९९ लाही भागते, कारण ३३३६६७ × २९९७ = ९९९९९९९९९. याचा अर्थ १/प चा आवर्ती दशांश ९ आकड्यांनी पुन्हा फिरतो. कदाचित त्याहून लवकर, ३ किंवा १ आकड्यानं. पण लवकर फिरणाऱ्या मूळ संख्या फक्त ३ आणि ३७. तीनानं भाग जात नाही (अंकबेरीज २८), आणि ३७ नं भागलं तर बाकी १ उरते. किती थोडक्यात हुकलं बघा. म्हणजे आवर्तन नऊचंच. आणि आवर्तनाची लांबी नेहमी प−१ ला निःशेष भागते, हा फर्माचा छोटा सिद्धांत. प विषम, म्हणून प−१ ला १८ नं भाग जायला हवा.

अशा मूळ संख्या ५७७ पर्यंत किती? १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. सतरा. त्यातली ३७ आधीच बाद, सोळा भागाकार उरले. मी वहीच्या मागच्या पानावर केले, एकानंही भाग गेला नाही. ३३३६६७ मूळ आहे.

तेव्हा तुमची संख्या = ३⁴ × ३७² × ३३३६६७². विभाजक किती? घातांकांत एकेक मिळवून गुणायचं: ५ × ३ × ३ = ४५. हे तर कपडे नाहीत ना? द्विमानात लिहा, रोमन आकड्यांत लिहा, पंचेचाळीसच राहणार.

जाता जाता: वरच्या सगळ्या विचारातून आणखी एक गोष्ट निघते. ज्यांचा आवर्ती दशांश बरोबर नऊ आकड्यांनी फिरतो अशी मूळ संख्या जगात एकच, ३३३६६७. तिनं एकाला भागलं की भागाकार ०.०००००२९९७ ०००००२९९७ … असा चालतो. एवढी एकलकोंडी संख्या आपल्या डोंगराच्या पायथ्याशी बसलीय, तीही दोनदा.

कट्टेकरी (रविवार, सकाळी ७:०५)

रविवारी सकाळी ६:५० ला सोळा भागाकार. बाई, दंडवत. वाचनखूण साठवली.

शंकेखोर (रविवार, सकाळी ९:१०)

बाई, ४५ मान्य. पण मग तेवढंच सांगा. डोंगर-दीपमाळा कशाला? आणि 'मोठी' म्हणावी तर तीही नाही, गणितात सतरा आकडे म्हणजे किरकोळ.

बिटबाइट (रविवार, सकाळी ९:३०)

किरकोळ? सेकंदाला एक या वेगानं मोजत सुटलात तर ३९ कोटी वर्षं लागतील. आज संपवायचं असतं तर डायनासोर येण्याच्या कितीतरी आधी बसायला हवं होतं.

डोंबोलीकर (रविवार, सकाळी १०:०२)

कापरेकरांचंच आणखी एक. अंकांच्या बेरजेनं ज्या संख्येला भाग जातो तिला ते 'हर्षद' म्हणायचे, हर्ष देणारी. आपल्या संख्येची अंकबेरीज १+२+…+९+…+२+१ = ८१. आणि ८१ नं भाग जातो! म्हणजे ती हर्षदही आहे. मला वाटतं सगळ्याच अद्भुत डेम्लो संख्या हर्षद असाव्यात, कारण अंकबेरीज नेहमी वर्ग येते: १, ४, ९, १६… आणि संख्याही वर्गच.

मास्तरीणबाई (रविवार, सकाळी १०:४०)

डोंबोलीकर, पहिलं बरोबर, दुसरं चूक. १२१ घ्या. अंकबेरीज ४. विषम संख्येला चारानं भाग जाईल का?

दोन्ही वर्ग असले म्हणून भाग जात नाही, मुळांनाही एकमेकांनी भाग जायला हवा. एक जितके (समजा 'न'), तितक्यानं त्या एकांच्या संख्येला भाग जायला हवा. नऊपर्यंत असे न तीनच: १, ३, ९. तपासा: १११ ला ३ नं जातो, ११११ ला ४ नं नाही, १११११ ला ५ नं नाही, सहा एक विषम, सात एकांना ७ नं नाही, आठ एकही विषमच, आणि नऊ एकांना ९ नं जातो. त्यामुळे हर्षद तीनच: १, १२३२१ आणि पाटीपेन्सिल यांची. १२३२१ भागिले ९ म्हणजे १३६९, सदतीसचा वर्ग.

पुढचा असा न २७ आहे. सत्तावीस एकांना २७ नं भाग जातो. पण तिथे हातच्यांनी डोंगर कधीच खचलेला असतो, अंकबेरीज २७ चा वर्ग येत नाही.

डोंबोलीकर (रविवार, सकाळी १०:४४)

छडीसाठी हात पुढे केलाय, बाई.

बिटबाइट (रविवार, दुपारी १२:१५)

१२३४५६७९ चा उल्लेख कुणीच कसा केला नाही? ३७ × ३३३६६७ = १२३४५६७९. शाळेत हिला ९ च्या पाढ्यातल्या कशानंही गुणायचो: × ९ केलं की सगळे एक, × ६३ केलं की सगळे सात. यातला आठ कुठे जातो हे मात्र तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

आता पाटीपेन्सिल यांनी दहा एकांचं दाखवलं त्यावरून डोक्यात प्रकाश पडला. १/९ म्हणजे ०.१११…, न संपणारे एक. त्याचा वर्ग १/८१. म्हणजे १/८१ हा न उतरणारा डोंगर: ०.०१२३४५६७८९ आणि पुढच्या पायरीला दहा. दहाचा हातचा नवावर, नवाचा आठावर, आठाचे नऊ झाले. म्हणून १/८१ = ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… आठ कुठे गेला नाही, त्याला बढती मिळाली.

आपली संख्या म्हणजे तोच डोंगर, फक्त हातचा यायच्या एक पायरी आधी शहाणपणानं मागे फिरलेला.

शंकेखोर (रविवार, दुपारी १:०५)

हे मात्र आवडलं. बढतीचं.

खान्देशी_ठसका (रविवार, दुपारी १:२०)

नोंद घ्या रे कुणीतरी. शंकेखोरांना काहीतरी आवडलं.

मास्तरीणबाई (रविवार, दुपारी ४:३०)

दुपारी पडल्या पडल्या एक दिसलं, ते लिहिते आणि थांबते.

आपली संख्या तिच्या अंकबेरजेनं भागायच्याऐवजी गुणून बघा. १२३४५६७८९८७६५४३२१ × ८१. दोन्ही वर्ग, म्हणून गुणाकारही वर्ग: १११११११११ × ९ चा, म्हणजे ९९९९९९९९९ चा. तो येतो

९९९९९९९९८००००००००१

आता याचे मधोमध दोन तुकडे करा. वर्ग अठरा आकडी. नऊ आणि नऊ: ९९९९९९९९८ आणि ००००००००१. बेरीज करा. ९९९९९९९९९, ज्याचा वर्ग केला तीच संख्या परत.

वर्गाचे तुकडे करून बेरीज केली की मूळ संख्या परत येते, अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७, तशी. म्हणजे डेम्लो संख्या गुणिले तिची हर्षद बेरीज बरोबर कापरेकर संख्येचा वर्ग. एकाच माणसानं वेगवेगळ्या कारणांनी शोधलेले तीन प्रकार, आणि एका गुणाकारात तिन्ही हजर.

शंकेखोर, यातलं सगळं दशमानातलंच आहे, मान्य. पण देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणाऱ्या माणसाला मोठमोठ्या गणित्यांनी 'आकड्यांशी खेळणारा' म्हणून बाजूला ठेवलं होतं, हेही खरंच. गणितातल्या कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरनं १९७५ मध्ये लिहिल्यावर बाहेर नाव झालं. शाळेतल्या मुलाला ३⁴ × ३७² × ३३३६६७² दाखवून कुणी गणिताकडे येत नाही. डोंगर दाखवला तर ते विचारतं, की दहा एक घेतले तर? तिथून ३३३६६७ पर्यंत मी हात धरून नेऊ शकते.

पाटीपेन्सिल (रविवार, रात्री १०:१०)

फेरी झाली. या वेळी संख्या मी फळ्यावर स्वतः खडूनं लिहिली. कालचीच मुलगी दोन सेकंदांत म्हणाली, "नऊ एक." कसं कळलं, विचारलं. "मधला आकडा बघितला." मी आयुष्यभर एका टोकापासून मोजत आलो होतो.

'महापद्म-निखर्व' माइकवर चुकलोच. आजोबांनी पुन्हा बाप्पा मोरया केलं.

शंकेखोर (रविवार, रात्री ११:३५)

बाई, एक अडचण. तुमचे ४५ पटले होते, तरी खातरजमा म्हणून सगळे विभाजक हातानं लिहून काढले. जोड्या लावत गेलो: १ आणि पूर्ण संख्या, ३ आणि तिचा तिसरा हिस्सा, ९, २७, ३७, ८१, १११… अशा बावीस जोड्या झाल्या. बावीस दुणे चव्वेचाळीस. दोनदा तपासलं. एक कमी येतोय.

मास्तरीणबाई (सोमवार, सकाळी ६:४५)

ज्याचा जोडीदार तो स्वतःच, तो राहिला. वर्गमूळ विसरलात, ज्याच्यासाठी हा धागा निघाला.

शंकेखोर (सोमवार, सकाळी ८:२०)

हात्तिच्या! नऊ एक.